सरस कसा शिजवायचा, व्हिनियर हाताने कसं बसवायचं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुनं लाकडी सामान भंगारात देऊ नका असं लिहिलं होतं आणि त्यात सरसाचा एका ओळीत उल्लेख होता, तर सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. म्हणून यावेळचा सगळा कॉलम सरस आणि व्हिनियरवर, व्हिनियर म्हणजे साध्या लाकडावर किंवा बोर्डावर चिकटवायचं चांगल्या लाकडाचं पातळ पान. नवीन मुलांसाठी आधी एवढं सांगतो की सरस म्हणजे जनावराच्या कातडीतून, कधी हाडांतून, काढलेला गम, वाळवून वड्या किंवा दाणे करून विकतात, पाण्यात भिजवून गरम केला की चिकटतो. पांढरा गम (फेव्हिकॉलसारखा) बाजारात यायच्या आधी सगळं सुतारकाम यावरच चालायचं आणि हे फार जुनं आहे, इजिप्तमध्ये रेखमिरे नावाच्या मंत्र्याच्या थडग्यातल्या साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रात सुतार व्हिनियर चिकटवताना दिसतात आणि शेजारी विस्तवावर गमाचं भांडं ठेवलेलं आहे.

प्रश्न (साखर पेठ, सोलापूर): दादा, आजोबांच्या वेळचं शिसवी व्हिनियरचं कपाट आहे. दाराच्या खालच्या कडेला व्हिनियर सुटून वर आलंय आणि मध्ये दोन ठिकाणी फुगे आलेत. मिस्त्री म्हणतो सगळं खरवडून सनमायका मारतो, नाहीतर फेव्हिकॉल भरून दाबून देतो. काय करू?

उत्तर: दोन्ही करू नका, प्लीज. सनमायका मारला की ते कपाट संपलं, आणि पांढरा गम भरणं त्याहून फसवं कारण आज बसल्यासारखं दिसतं पण आत जुन्या सरसाचा थर असेल तर पांढरा गम लाकडात शिरतच नाही, त्या थरावरच वाळतो, आणि वर्षा दोन वर्षांत परत सुटतं. आणि तेव्हा सरस लावायचा म्हटलं तरी पांढऱ्या गमावर तो धरत नाही, म्हणजे पुढच्या माणसाची वाट पण बंद.

आधी आत काय आहे ते बघा. सुटलेल्या कडेखालून पटाशीच्या टोकाने थोडा गम खरवडून काढा, तपकिरी काचेसारखे कण निघाले आणि गरम पाण्याचा थेंब टाकल्यावर बोटाला चिकट लागलं तर तो सरस आहे. आजोबांच्या वेळचं म्हणताय तर बहुतेक सरसच असणार.

आता सरसाचा मोठा गुण असा की तो वाळल्यावर सुद्धा कायमचा झालेला नसतो, ऊब आणि ओलावा मिळाला की परत मऊ होतो आणि थंड झाला की परत धरतो. नवा सरस जुन्या सरसाला पण चिकटतो, जुना सगळा घासून काढायची गरज नाही. फुग्यावर ओलसर (निथळणारं नको, ओलसर) सुती फडकं ठेवा, त्यावर इस्त्री सिल्कच्या आकड्यावर ठेवून थोडा वेळ फिरवा, मग लगेच फडकं काढून बटर पेपर टाका आणि सपाट जड लोखंडी ठोकळ्याने दाबून थंड होईपर्यंत हलवू नका. पुष्कळदा एवढ्यावरच बसतं. नाही बसलं तर आत गमच उरलेला नाही असं समजा, मग फुग्यावर रेषांच्या दिशेने नवीन ब्लेडने बारीक चीर द्या, आडवी अजिबात नको, त्यातून सिरिंजने पातळ गरम सरस सोडा आणि परत तेच करा. कडेखाली धूळ साचलेली असते, ती आधी गरम पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने काढा, धुळीवर कुठलाच गम धरत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, जुनं पॉलिश लाखेचं असेल तर इस्त्रीने पांढुरकं पडेल किंवा चिकट होईल, ते नंतर स्पिरिट पॉलिशचा हात मारून बरंचसं सुधारतं पण आधी आतल्या कोपऱ्यात ट्राय करा.

आणि कपाट डेझर्ट कूलरच्या समोर आहे का ते बघा. सोलापुरात निम्मी व्हिनियरं कूलरमुळे सुटतात असं माझं मत आहे, चार महिने एका बाजूने ओली हवा आणि दुसऱ्या बाजूने रखरखीत ऊन. खालची कड सुटायचं अजून एक कारण म्हणजे फरशी पुसताना लागणारं पाणी, पायांखाली अर्ध्या इंचाचे ठोकळे द्या.

प्रश्न (अक्कलकोट रोड, सोलापूर): हार्डवेअरच्या दुकानात सरस मिळाला पण गॅसवर उकळला तर घाण वास आला आणि चिकटला पण नाही नीट. प्रमाण काय, किती वेळ उकळायचा?

उत्तर: उकळायचाच नाही. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कातडीतलं कोलॅजन नावाचं प्रथिन म्हणजे लांब लांब साखळ्या, त्या जितक्या लांब तितका गम मजबूत, आणि उकळलं की त्यांचे तुकडे पडतात. ६० डिग्री सेल्सियसच्या आसपास ठेवायचा, ६५ च्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि थेट आचेवर कधीच नाही, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. थर्मामीटर घ्याच, किचनचा स्वस्तातला चालतो. ब्युटी पार्लरवाले वापरतात तो वॅक्स हीटर घेतला तर फारच सोपं, त्याला आच कमी जास्त करायचं बटण असतं, बाहेरच्या भांड्यात पाणी घालायचं आणि आत काचेच्या बरणीत सरस, एकदा थर्मामीटर लावून बटणाची जागा ठरवली की दिवसभर काळजी नाही.

आधी भिजवायचा मात्र थंड पाण्यात. वजनाने एक भाग सरस आणि दोन भाग पाणी इथून सुरुवात करा, व्हिनियरसाठी हे बरोबर बसतं, लाकडाच्या सांध्यांसाठी थोडं कमी पाणी. दाणे असतील तर तास दोन तास, वड्या असतील तर रात्रभर. उन्हाळ्यात माठातलं पाणी घ्या आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवा कारण आपल्याकडे मे महिन्यात रात्रभर बाहेर ठेवलेला सरस सकाळी नासलेला असतो. फुगून मऊ झाला की मगच गरम करायचा. ब्रश वर उचलल्यावर धार न तुटता खाली पडली आणि पडताना थेंबांचा आवाज आला नाही की बरोबर झाला. तुटक थेंब पडले तर पातळ आहे, गोळा होऊन पडला तर घट्ट. काम चालू असताना पाणी उडत राहतं तेव्हा मधून मधून चमचाभर गरम पाणी घाला, वर साय धरते ती ढवळून टाका किंवा काढा.

आता तुमच्या वासाबद्दल. चांगल्या सरसाला वास असतो पण कुजका नसतो. दुकानातल्या मालावर काही लिहिलेलं नसतं म्हणून एक जुनी परीक्षा करा, एक वडी थंड पाण्यात रात्रभर ठेवायची, चांगला सरस भरपूर पाणी पिऊन टम्म फुगतो पण आकार सोडत नाही, हलका माल असेल तर पाण्यात विरघळून चिखल होतो. हाडांचा सरस सहसा कातडीच्या सरसापेक्षा कमजोर असतो. ऑनलाइन मागवलात तर त्यावर ग्रॅम स्ट्रेंथ, म्हणजे थिजल्यावर त्याची जेली किती कडक होते त्याचं माप, लिहिलेली असते, ऑस्कर ब्लूम नावाच्या माणसाने १९२५ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रावरून ही मापाची पद्धत आली. फर्निचरला १९२ च्या आसपासचा घ्या. २५० चा जास्त कडक असतो आणि लवकर थिजतो, तो वाद्यं बनवणारे घेतात. आणि काहीच मिळालं नाही तर केकच्या सामानाच्या दुकानातलं बिनवासाचं, बिनसाखरेचं जिलेटिन घ्या, ते पण मुळात तोच पदार्थ आहे, छोट्या दुरुस्तीला उत्तम चालतं, फक्त पाणी थोडं जास्त घाला.

प्रश्न (जुळे सोलापूर): नमस्कार सर, मी फर्निचरचं शिकतोय. टीपॉयच्या टॉपला सागवानी व्हिनियर बसवायचंय, प्रेस नाही आणि एवढे क्लॅम्प पण नाहीत. व्हिडिओत एक जण हातोडीसारखं काहीतरी घासून व्हिनियर बसवत होता, ते आपल्याला जमेल का? व्हिनियरची पानं रुंदीला कमी आहेत, दोन जोडावी लागतील.

उत्तर: जमेल, आणि शिकायच्या वयात हे शिकताय याचा मला फार आनंद झाला. त्याला हॅमर म्हणतात पण त्याने ठोकायचं नसतं, दाबत ओढायचं असतं. घरीच बनवा, लाकडाच्या ठोकळ्यात चार इंच रुंद पितळेची पट्टी बसवा, पट्टीची कड कानसने गोल आणि गुळगुळीत करा, धरायला दांडा. लोखंडाची पट्टी नको, ओल्या सागवानावर काळे डाग पडतात.

मुळात होतं काय ते समजून घ्या म्हणजे हात आपोआप बरोबर चालेल. पांढरा गम वाळेपर्यंत कोणीतरी दाबून धरावं लागतं. सरस गरम असताना पातळ असतो आणि थंड होताना आधी जेलीसारखा थिजतो, वाळायला वेळ लागतो पण थिजल्यावरच व्हिनियर जागेवर धरून ठेवतो, म्हणजे क्लॅम्पचं काम तो स्वतःच करतो. पुढे वाळताना आकसतो आणि अजून आत ओढून घेतो. ही ओढ किती असते बघा, काचेवर जाड सरस वाळवला तर तो काचेचे टवके काढतो, नक्षीदार काच करायची ती एक जुनी पद्धतच आहे.

टॉप एमडीएफचा (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला बोर्ड) असो की प्लायचा, आधी ४० किंवा ६० नंबरच्या काचपेपरने आडवंतिडवं खरवडा, मग अगदी पातळ सरसाचा एक हात मारून वाळू द्या, नाहीतर एमडीएफ सगळा गम पिऊन टाकतो. सागवानात तेल असतं म्हणून व्हिनियरची चिकटवायची बाजू लावायच्या जरा आधी थिनरने पुसून घ्या, आणि थिनर वापरताना शेगडी, गॅस काही पेटतं ठेवू नका. व्हिनियर वेडंवाकडं असेल तर हलकं ओलं करून वर्तमानपत्रांत दाबून सपाट करा.

मग टॉपवर गरम सरस भरपूर लावा, व्हिनियर ठेवा आणि व्हिनियरच्या वरच्या बाजूला पण सरसाचा हात फिरवा. याची सगळ्यांना भीती वाटते, पण त्याने हॅमर सरकतो आणि दोन्ही बाजू सारख्या ओल्या राहिल्यामुळे व्हिनियर गुंडाळत नाही. हॅमर मधून सुरू करून कडेकडे नागमोडी ओढत न्या, रेषांच्या दिशेने जोर लावा, आडवा जोर लावला तर ओलं व्हिनियर ताणलं जातं आणि वाळताना तिथेच चिरतं. पुढे जाडसर लाट ढकलली गेली पाहिजे आणि कडेतून गम बाहेर आला पाहिजे. मध्येच थिजला तर घाबरू नका, फडकं किंचित ओलं करून इस्त्री फिरवा की परत पातळ होतो. ही सोय फार थोड्या गमांत असते. पाणी मात्र बेताने, जितकं पाणी जास्त तितकं नंतर आकसणं जास्त.

जोडासाठी दुसरं पान पहिल्यावर इंचभर चढवून बसवा. मग स्टीलची पट्टी घट्ट धरून नवीन ब्लेडने दोन्ही पानं एकाच वेळी कापा, वरची कापलेली पट्टी काढून टाका, कड हळूच उचलून खालची पट्टी ओढून काढा, गरम सरस भरून परत हॅमर मारा. दोन्ही एकाच कापात कापल्यामुळे सांधा शोधून सापडत नाही. वरचा गम गरम ओल्या फडक्याने पुसला की लगेच सांध्यावर पाण्याने चिकटणारी खाकी कागदी टेप लावा, वाळताना सांधा उघडू नये म्हणून.

झाल्यावर नखाने सगळीकडे टिचकी मारत जा, पोकळ आवाज आला तिथे परत इस्त्री आणि हॅमर. आणि टॉपच्या खालच्या बाजूला पण साधं कुठलं तरी व्हिनियर बसवा, त्याच दिवशी, नाहीतर एका बाजूच्या ओढीने टॉप वाटीसारखा होतो आणि मग काही उपाय राहत नाही. वाळवताना भिंतीला उभा टेकवा, दोन्हीकडून हवा लागली पाहिजे, उन्हात आणि फॅनखाली नको. कडा दुसऱ्या दिवशी कापा आणि पॉलिशला आठवडाभर तरी हात लावू नका.

पानं कच्ची आहेत ना हे मात्र बघून घ्या. आपल्याकडे दुकानात व्हिनियर म्हणून जे ८ बाय ४ चं शीट देतात ते बहुतेक वेळा ४ एमएम प्लायवर आधीच चिकटवलेलं असतं, ते हॅमरने बसत नाही कारण प्लाय वाकायला तयार नसतो, त्याला प्रेस किंवा वजनच लागतं. तुम्हाला अर्धा एमएमच्या आसपासची सुटी पानं लागतील.

प्रश्न (बार्शी): एप्रिलमध्ये व्हिनियर हॅमरने बसवलं, तुम्ही सांगता तसंच, पण कडा उचलून येत होत्या, धरतच नव्हतं. सरस खराब होता का?

उत्तर: सरस बहुतेक चांगला होता, हवा वाईट होती. सरस साधारण ३० ते ३५ डिग्रीच्या खाली आला की थिजतो आणि आपल्या जिल्ह्यात एप्रिल मे मध्ये दुपारी पारा चाळिशीच्या वर, पत्र्याच्या शेडमध्ये तर लाकूडच हाताला गरम लागतं. मग तो थिजणार कधी? पुस्तकं थंड देशांत लिहिलेली, तिथे रडगाणं उलटं असतं की फार लवकर थिजतो, लाकूड शेकून घ्या. आपण उलट विचार करायचा. हॅमरचं काम डिसेंबर जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, घ्या, तो सगळ्यात चांगला सीझन. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे, लाकूड रात्रभर फरशीवर ठेवून, सरस जरा घट्ट आणि जास्त ग्रॅमचा घेऊन, आणि हॅमर मारून झालं की बर्फाचं पाणी भरलेला सपाट बुडाचा स्टीलचा डबा बाहेरून कोरडा पुसून प्लॅस्टिकवरून फिरवत जा म्हणजे थिजतो. बाकी खुर्च्या, चौकटी असल्या क्लॅम्पच्या कामाला मात्र आपला उन्हाळा छान, सांधे जुळवायला निवांत वेळ मिळतो.

प्रश्न (सोलापूर, एक ताई): आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे. देव्हारा बनवायला दिलाय, व्हिनियरचा. सुतारकाका म्हणाले सरसाने बसवतो, टिकेल. नंतर कळलं सरस कशाचा असतो. आम्हाला चालणार नाही, पण काकांना कसं सांगू आणि दुसरं काय वापरता येईल?

उत्तर: ताई, सरळ सांगा, काका अजिबात वाईट मानणार नाहीत. देव्हारा तुमचा, श्रद्धा तुमची, यात गमाच्या मजबुतीचा प्रश्नच येत नाही. आणि तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, मला वाटतं गिऱ्हाईकाला हे आधी सांगणं सुताराचं कामच आहे.

सोपा पर्याय पांढऱ्या गमाचा. व्हिनियर आणि बोर्ड दोन्हीला पातळ हात मारायचा, पांढरेपणा जाऊन गम पारदर्शक दिसेपर्यंत वाळू द्यायचा, मग व्हिनियर ठेवून वरून कोरडी गरम इस्त्री दाबत न्यायची. क्लॅम्प लागत नाहीत. एकदा टेकलं की सरकवता येत नाही म्हणून नीट बघून ठेवायचं. विकत घेताना कंपनीला विचारून खात्री करा म्हणजे मनात शंका नको.

दुसरा पर्याय जुना आहे आणि मला स्वतःला फार आवडतो, दुधाचा गम. साय काढलेलं दूध फाडायचं, चोथा धुऊन घट्ट पिळायचा आणि त्यात थोडा विझवलेला चुना मिसळून घोटायचा, बघता बघता चिकट लापशी होते, ती काही तासांत वापरून टाकायची. हा केसीनचा गम, दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो नावाचं लाकडी विमान सुरुवातीला केसीनच्या गमानेच जोडायचे, पुढे दमट हवेत टिकेना म्हणून बदलला. देव्हारा काही पावसात ठेवणार नाही आपण. पण याला दाबून ठेवावं लागतं, आणि चुन्यामुळे टॅनिन (लाकडातला तुरट अंश) असलेल्या लाकडावर काळपट डाग येतात, पातळ व्हिनियरमधून वर दिसू शकतात, म्हणून देव्हाऱ्याच्या चौकटीच्या सांध्यांना हा वापरा आणि व्हिनियरला पांढरा गम. चुना मिसळताना हातमोजे घाला.

प्रश्न (मंगळवेढा): भजनी मंडळाच्या वीण्याचा सांधा सुटलाय. एपॉक्सी लावलं तर पक्कं बसेल ना?

उत्तर: इतकं पक्कं बसेल की पुन्हा कधी उघडता येणार नाही, म्हणून नको. वाद्य आज ना उद्या परत उघडावं लागतंच, आणि सरसाचा सांधा ऊब देऊन लाकडाला धक्का न लावता उघडता येतो. सरस कडक वाळतो, ताणाखाली हळूहळू सरकत नाही, आणि तारांचा ताण तर चोवीस तास असतो. आत्ता तारा सैल करा, सुटलेला तुकडा कापडात बांधून ठेवा आणि मिरजेला घेऊन जा. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हे काम पिढ्यानपिढ्या करणारी माणसं तिथे आहेत. नेताना वाद्य बंद गाडीत उन्हात ठेवू नका, बाकीचे सांधे पण सुटतील.

प्रश्न (होटगी रोड, सोलापूर): शिजवलेला सरस उरला तर किती दिवस टिकतो? पावसाळ्यात दाण्यांना बुरशी येते.

उत्तर: शिजवलेला गार झाला की जेली होते, तिच्या वड्या कापून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवल्या तर आठवडाभर आरामात, फ्रीझरमध्ये महिनोन्महिने. लागेल तेवढीच वडी गरम करा, कारण तोच तोच सरस परत परत तापवला की कमजोर होत जातो. वर पांढरे हिरवे ठिपके दिसले किंवा कुजका वास आला की फेकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका. कोरडे दाणे काचेच्या घट्ट बरणीत ठेवा, वर्षानुवर्षं काही होत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र आपल्या जुलै ऑगस्टमध्ये ओलावा धरतोच, शिवाय झुरळं आणि उंदीर पण येतात.

पुढच्या अंकात लाखेच्या पॉलिशवर आलेले प्रश्न घेतो. फोटो पाठवणार असाल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा, फ्लॅशमध्ये फुगे दिसत नाहीत.